दुखऱ्या सांध्यांसाठी कयाकचं पॅडल: आधी पातं लहान करा, कार्बनचं नंतर बघू

ताई, तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. वय ५९, उंची पाच फूट दोन इंच. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी झीज सांगितली आहे. उजवा खांदा मध्यंतरी आखडला होता, आता बराच मोकळा झालाय, पण हात वर गेला की अजून कुरकुरतो. कर्लीच्या खाडीकाठाला घर आहे आणि तुम्ही नवरा-बायकोनी दोन सिट-ऑन-टॉप कयाक (आत न शिरता वर बसायच्या छोट्या होड्या) घेतल्या आहेत, रुंदी ८० सेंटिमीटर. सोबत आलेलं पॅडल, म्हणजे दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं, अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्याचं आणि काळ्या प्लास्टिकच्या पात्यांचं, लांबी २२० सेंमी. तासभर वल्हवलं की अंगठा आणि खांदा पुढचे दोन दिवस ठणकतात. डॉक्टरांची परवानगी आहे. कोणीतरी सांगितलं, ‘कार्बनचं घ्या, सगळं दुखणं पळेल.’ तर १५ हजारांत काय घ्यावं, आणि मिस्टरांनाही तेच घ्यावं का?

कार्बनला, म्हणजे कार्बन फायबरच्या हलक्या पॅडलला, माझा विरोध नाही, मी स्वतः वापरतो. पण तुमच्या दुखण्यावर ते पहिलं औषध नाही. पॅडलमुळे सांध्यांवर तीन वेगवेगळे भार येतात. पहिला, पॅडलचं स्वतःचं वजन. दुसरा, पातं पाण्यात असताना पाणी मागे ढकलायला लागणारा जोर. आणि तिसरा, दांडा मुठीत धरून ठेवायला लागणारा जोर, ज्याचा विचार जवळपास कोणीच करत नाही. कार्बन फक्त पहिला भार कमी करतं. तुमचा अंगठा तिसऱ्याने दुखतोय आणि खांदा बहुतेक दुसऱ्याने. बहुतेक म्हणतोय, कारण तुम्हाला वल्हवताना मी पाहिलेलं नाही आणि मी डॉक्टरही नाही. मालवणच्या बाजूला लोकांना कयाक शिकवतो, त्यात साठीच्या आसपासचे विद्यार्थी बरेच असतात, त्या अनुभवावर बोलतोय. हाताला मुंग्या येत असतील, सांधा सुजून गरम होत असेल किंवा रात्री दुखण्याने जाग येत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

आता पात्याकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे.

कयाकसोबत फुकट येणाऱ्या पॅडलचं पातं बहुतेक वेळा रुंद असतं. ते सगळ्यांना चालावं म्हणून केलेलं असतं आणि म्हणूनच नीट कोणालाच चालत नाही. शिंप्याची टेप घेऊन मोजा. पातं साधारण ४५ सेंमी लांब आणि १८ ते २० सेंमी रुंद निघेल. म्हणजे क्षेत्रफळ ७०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास. हे धडधाकट तरुणाचं पातं झालं. तुमच्या उंचीला, वयाला आणि कर्लीच्या संथ पाण्याला ५५० ते ६२० चौरस सेंमीचं पातं पुरतं. आकार लांबट हवा, रुंदी १५ ते १७ सेंमी. पॅडल आडवं ठेवून निवांत वल्हवणाऱ्यांसाठी हाच आकार काढलेला असतो. आखूड आणि रुंद पातं असतं ते दांडा उभा धरून जोरात मारणाऱ्यांसाठी.

लहान पात्याने होडी हळू जाईल ही भीती सगळ्यांनाच वाटते. सायकलचा हलका गिअर टाकल्यावर काय होतं ते आठवा. पाय जास्त वेळा फिरतात, पण प्रत्येक फेरीला गुडघ्यावर जोर कमी येतो. लहान पातं पाण्यात किंचित घसरतं, त्यामुळे मिनिटाला चारसहा स्ट्रोक जास्त पडतात, पण प्रत्येक स्ट्रोकच्या सुरुवातीला खांद्याला जो हिसका बसतो तो बोथट होतो. दुखरा सांधा आकडा मोजत नाही, तो हिसका मोजतो. संथ पाण्यात तुमचा वेग फारसा पडणार नाही, कारण ८० सेंमी रुंद होडीला तिची स्वतःचीच वेगमर्यादा असते. त्यापुढे मोठ्या पात्याने कितीही मारलं तरी पाणी फक्त घुसळलं जातं.

हे पटत नसेल तर पैसे न घालता पडताळून बघता येईल. तुमच्याकडच्या पात्यांच्या दोन्ही कडा कापा. खरंच सांगतोय. वर्तमानपत्रावर एका पात्याचा आकार काढा, दोन्ही बाजूंनी दीड-दीड सेंमी आत रेघ मारा आणि तो कागद कापून साचा करा. तोच साचा चारही कडांना वापरा म्हणजे दोन्ही पाती सारखी राहतील. पात्याच्या मधोमध जो उंच कणा असतो त्याला हात लावायचा नाही, टोकही कापायचं नाही, फक्त बाजू. लोखंड कापायच्या बारीक दाताच्या करवतीने प्लास्टिक लोण्यासारखं कापलं जात नाही, पण कापलं जातं. घाई केली तर कड वितळून भुसा चिकटतो. मग कानशीने आणि शेवटी पॉलिश पेपरने कड गोल करून घ्या. १९ सेंमीचं पातं १६ वर येतं आणि क्षेत्रफळ ६०० च्या खाली. त्याच होडीतून, त्याच पाण्यात, पुढच्या खेपेला अर्धा तास जाऊन या. फरक जाणवला तर नवीन पॅडल घेताना कुठला आकडा बघायचा हे तुम्हाला आपोआप कळलेलं असेल. नाही जाणवला तर गेलं एक फुकट आलेलं पॅडल. करवत मात्र मिस्टरांच्या हातात द्या, तुमच्या अंगठ्याला तो व्यायाम नको.

एक गोष्ट आजच तपासा. पॅडल फरशीवर आडवं ठेवा. एक पातं जमिनीला टेकलेलं असताना दुसरंही तसंच सपाट टेकतंय की तिरकं उभं राहतंय? तिरकं असेल तर दोन पात्यांमध्ये कोन लावलेला आहे, त्याला फेदर म्हणतात. वर असलेलं पातं समोरच्या वाऱ्याला आडवं येऊ नये म्हणून हा कोन देतात. स्वस्त पॅडलला दांड्याच्या जोडावर बटण असतं आणि सहसा तीन भोकं: एक सरळ, एक उजव्या हातासाठी ६० अंशांच्या आसपास, एक डाव्यासाठी. माझा संशय आहे की तुमचं पॅडल उजव्या भोकात बसलेलं आहे, कारण दुकानातून ते तसंच जोडून येतं. तसं असेल तर प्रत्येक डाव्या स्ट्रोकला तुमचा उजवा हात दांडा घट्ट पकडून मनगट मागे वळवतो, तेव्हा कुठे डावं पातं पाण्यात सरळ शिरतं. डावा हात नुसता सैल नळीसारखा. म्हणजे पकडायचं सगळं काम तुमच्या दुखऱ्या अंगठ्याकडे आणि डावा हात फुकट बसून.

बटण दाबून शून्यावर आणा. शून्य अंशावर मनगट वळवायची गरजच राहत नाही, दोन्ही हात सारखेच सैल राहू शकतात. समोरून वारा असेल तेव्हा वरचं पातं थोडं अडेल, ते सोसा. काही लोकांना शून्यावर मनगट उलट दिशेला वाकतंय असं वाटतं, त्यांना १५ किंवा ३० अंश बरे पडतात. पण तुमच्या पॅडलला ती सोय नाही आणि निवांत, आडव्या वल्हवण्याला शून्य चालतं. नवीन घेताना मात्र कोन थोडा-थोडा बदलता येणारा जोड बघा.

त्याच वेळी तो जोड हलवून बघा. खुळखुळतोय का? बटणाचं भोक घासून मोठं झालं की दांडा मधोमध डुगडुगतो आणि माणूस नकळत मूठ आवळतो. मग दांडा कानाशी धरून हलवा. आत पाणी वाजत असेल तर टोकाची बुचं गळतायत. पाणी काढून वाळवा आणि सिलिकॉनने बुजवा. आणि एक बाळबोध गोष्ट, पण निम्मे लोक तिथेच चुकतात: पात्याची खोलगट बाजू तुमच्याकडे हवी आणि पातं वरखाली सारखं नसेल तर लांब कड वर, आखूड कड खाली. उलटं धरलेलं पातं पाण्यात फडफडतं, आणि फडफडणारं पातं आवरायला पुन्हा मूठ आवळली जाते.

मुठीबद्दल इतकं बोलतोय, कारण अंगठ्याच्या मुळाचा सांधा चिमटीला फार वाईट. बोटाच्या टोकाशी लावलेला जोर त्या सांध्यापर्यंत पोहोचताना कित्येक पटींनी वाढतो. बरणीचं झाकण उघडताना तुम्हाला ते जाणवत असेलच. आणि गंमत अशी की वल्हवायला चिमटी लागतच नाही. ओढणाऱ्या हाताची चार बोटं आकड्यासारखी दांड्यावर अडकली की पुरे. ढकलणाऱ्या हाताचा तर फक्त तळवा लागतो, त्या वेळी बोटं उघडून वाऱ्याला दिली तरी चालतात. मी शिकवताना लोकांना ढकलणाऱ्या हाताची बोटं पसरायला लावतो, समोरच्याला ‘थांब’ म्हणतो तशी. शांत पाण्यात अंगठा दांड्याखालून न घालता बाकीच्या बोटांच्या शेजारी वरच ठेवून बघा. लाटा किंवा वारा असला तर पुन्हा खाली घ्या, नाहीतर पॅडल हातातून जाईल. पॅडल दोरीने होडीला बांधलेलं असलं की मूठ आपोआप सैल होते. हातातून सुटलं तरी जाणार कुठे, ही खात्री बोटांनाही लागते.

दांड्याची जाडी हा वादाचा मुद्दा आहे. साधारण दांडा ३० मिलिमीटरच्या आसपास असतो, लहान हातांसाठी काही कंपन्या २८-२९ चा देतात. लहान हात असेल तर बारीक दांडा घ्या असा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. सांधा चांगला असलेल्यांसाठी तो बरोबर आहे. अंगठ्याची झीज असलेल्यांना मात्र बारीक दांडा अनेकदा त्रास देतो, कारण बोटं जास्त मिटावी लागतात. किंचित जाड, मऊ आणि न घसरणारा दांडा त्यांना बरा वाटतो. तुमचा तळवा किती मोठा आहे त्यावर हे ठरेल, इथून सांगता येणार नाही. पण बघायला सोपं आहे. क्रीडासाहित्याच्या दुकानातून टेनिस रॅकेटवर गुंडाळायची पातळ पट्टी आणा आणि हात बसतो तिथे वीतभर भागात एक थर गुंडाळा. सुरुवात आणि शेवट इलेक्ट्रिकच्या चिकटपट्टीने बांधा. एक थर पुरला नाही तर दुसरा. क्रिकेटच्या बॅटची रबरी ग्रिपही काही जण चढवतात, पण ती एकदम जाड होते आणि ओली झाल्यावर तळव्याला घासते. अ‍ॅल्युमिनियमवर पट्टीचा आणखी एक फायदा आहे. एप्रिलमधल्या उन्हात तो दांडा चटका देतो आणि घामाने निसटतो, पट्टीने दोन्ही थांबतं.

पट्टी कुठे गुंडाळायची? पॅडल आडवं धरून डोक्यावर टेकवा. दोन्ही कोपरं काटकोनात येतील तिथे हात. खांद्यामुळे हे जमणार नसेल तर छातीसमोर धरून खांद्यांपेक्षा हातभर नव्हे, तर साधारण वीतभर बाहेर. एकदा खूण झाली की हात सरकले तर बोटांना लगेच कळतं. थकल्यावर हात एकमेकांकडे सरकतात आणि मग खांदे वर उचलले जातात, ते तुमच्या बाबतीत टाळायचं आहे.

खांद्यासाठी लांबी महत्त्वाची. ८० सेंमी रुंद होडीत २२० चं पॅडल तुमच्या उंचीला आखूड पडतं. मधोमध बसलं तर कड ४० सेंमी दूर. पातं पूर्ण बुडवायचं तर दांडा उभा करावा लागतो आणि वरचा हात कपाळापर्यंत जातो. तुम्ही म्हणताय की हात वर गेला की खांदा कुरकुरतो. मग एका तासात तो हजाराहून जास्त वेळा कुरकुरत असणार. मिस्टरांना समोरून मोबाइलवर मिनिटभराचं चित्रण करायला सांगा. वरचा हात हनुवटीच्या वर जात असेल तर पॅडल आखूड आहे किंवा तुम्ही दांडा नको तितका उभा धरताय.

पॅडल कंपन्यांचे लांबीचे तक्ते तुमच्या मापाला २३० ते २४० सांगतील. मी २३० कडे झुकेन. लांब पॅडलने हात खाली राहतो, हे खरं, पण पातं होडीपासून जितकं दूर तितकी तरफ लांब, म्हणजे तोच खांदा दुसऱ्या बाजूने भरतो, आणि होडीचं नाकही प्रत्येक स्ट्रोकला डावीउजवीकडे जास्त वळतं. दोन वाईटांतून मधलं निवडायचं आहे. जमलं तर लांबी १० सेंमी कमी-जास्त होणारं पॅडल घ्या. त्याने थोडं वजन वाढतं, पण तुमच्यासारख्या अर्धवट बऱ्या झालेल्या खांद्याला आज २३५ आणि सहा महिन्यांनी २३० लागू शकतं. दुसरी युक्ती म्हणजे बैठकीखाली तीन-चार सेंमी जाडीची फोमची गादी. बसण्याची उंची वाढली की तेच पॅडल लांब झाल्यासारखं होतं. इतकी रुंद होडी तेवढ्याने उलटत नाही, पण पहिल्यांदा काठाजवळ करून बघा.

पॅडलचा विषय सोडून दोन वाक्यं, कारण त्यांच्याशिवाय वरचं सगळं फुकट जाईल. पाठीला टेकून आरामात बसलात की कमरेवरचं अंग वळत नाही आणि सगळं काम हातांकडे जातं. टेकण किंचित सैल करून ताठ बसा, पाय खाचांमध्ये रोवा, छाती वळवा आणि पातं कमरेशी आलं की बाहेर काढा. कमरेच्या मागे गेलेला हात खांद्याला मुरगाळतो. आणि लाइफ जॅकेट बघा: काखेखाली जाड फोम असलेलं स्वस्त जॅकेट कोपरं बाहेर ढकलतं, मग माणूस कोंबडीने पंख पसरावेत तसा वल्हवतो. हातांची भोकं मोठी असलेलं जॅकेट घ्या. जॅकेट काढून मात्र ठेवायचं नाही.

आता वजन. अ‍ॅल्युमिनियमचं पॅडल किलो-सव्वा किलोचं असतं. फायबरग्लासचा दांडा आणि नायलॉनचं पातं असेल तर साधारण ९०० ग्रॅम ते एक किलो. कार्बनचा दांडा आणि तसंच पातं असेल तर ८००-९००. दांडा आणि पातं दोन्ही कार्बनचं असेल तर ६५० ते ७५० पर्यंत उतरतं. कागदावर हिशेब मोठा दिसतो. मिनिटाला ६० स्ट्रोक धरले तर तासात ३,६००. प्रत्येकी ३०० ग्रॅम वाचले तर एक टनाच्या वर ओझं कमी झालं. विकणारे हाच हिशेब सांगतात, आणि तो खोटा नाही. पण त्याच ३,६०० स्ट्रोकमध्ये पाण्याचा जो रेटा हातावर येतो तो दर वेळी काही किलोंचा असतो. पातं मोठं ठेवून ग्रॅम वाचवायचे म्हणजे भाजीत मीठ कमी करून लोणचं वाढून घ्यायचं.

वजन कुठे आहे हेही बघावं लागतं. तराजूवर सारखी असलेली दोन पॅडलं हातात वेगळी लागतात, कारण वजन टोकांना असेल तर प्रत्येक स्ट्रोकला ते हलवायला आणि थांबवायला खांदा लागतो. दुकानात पॅडल मधोमध दोन बोटांवर धरा आणि टोकं वरखाली हलवा. ज्याची टोकं लवकर थांबतात ते तुमचं. म्हणूनच पैसे मोजायचे तर दांड्याच्या आधी हलक्या पात्याला मोजावेत, असं माझं मत. दुसरा मुद्दा कडकपणाचा. पूर्ण कार्बन फार ताठ असतं, खेचलेला जोर लगेच पाण्यात जातो आणि पाण्याचा धक्का लगेच कोपरात येतो. फायबरग्लास आणि लाकूड किंचित वाकतात. काही दुखऱ्या कोपरांना ते वाकणं फार सुखाचं वाटतं, काहींना फरकच कळत नाही. दोन्ही वापरून बघितल्याशिवाय मी कोणाला छातीठोक सांगत नाही.

वाकड्या दांड्याच्या पॅडलबद्दल तुम्ही कुठेतरी वाचाल, हात बसतो तिथे दांड्याला बाक दिलेला असतो. ते मनगटासाठी आहे. ज्यांचं मनगट करंगळीच्या बाजूला मुडपतं आणि अंगठ्याच्या बाजूची कंडरा (स्नायूची दोरी) सुजते त्यांना त्याचा उपयोग होतो. तुमची तक्रार मनगटाची नाही, ते महाग आणि थोडं जडही असतं, आणि हात एकाच जागी बांधला जातो. सोडून द्या.

ग्रीनलंडचं पॅडल मात्र सोडून देऊ नका. तिथल्या इनुइट लोकांचं हे पारंपरिक वल्हं. पातं जेमतेम ८-९ सेंमी रुंद, पण खूप लांब, दांडा खांद्यांच्या रुंदीएवढाच. पाण्यात शिरल्यावर भार एकदम न येता हळूहळू चढतो. टोकं निमुळती असल्यामुळे किलोभराचं पॅडलही हातात हलकं लागतं. खांद्याचं दुखणं असलेले जे लोक एकदा त्याच्यावर गेले ते सहसा परत येत नाहीत. माप पारंपरिक पद्धतीने अंगावरूनच घेतात: दोन्ही हात पसरून जेवढी लांबी, त्यात कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची भर. तुमच्या बाबतीत अडचण होडीची आहे. हे पॅडल निघालं ते ५०-५५ सेंमीच्या अरुंद कयाकसाठी. ८० सेंमीच्या होडीवर ते आणखी लांब करावं लागेल आणि लांब केलं की त्याचा अर्धा गुण गेला. वर मांडीवर पाणीही बरंच गळतं. पण गावात चांगला सुतार असेल तर प्रयोग स्वस्त आहे. सागाचं करू नका, जड होतं. शिवणीसारखं हलकं, बिनगाठीचं, सरळ रेषांचं लाकूड बघा आणि वर तेलाचे हात द्या. रंग किंवा जाड वॉर्निश नको, ओल्या हाताला घसरतं.

पैशांचं बोलू. पूर्ण कार्बनच्या चांगल्या पॅडलची अमेरिकेतली किंमतच सहसा ४०० डॉलरच्या पुढे असते, वर मागवण्याचा खर्च आणि कस्टम. तुमच्या १५ हजारांत ते बसत नाही आणि तुम्हाला त्याची आत्ता गरजही नाही. फायबरग्लास दांडा, ६०० च्या आसपासचं लांबट नायलॉन पातं, २३०-२४० सरकता जोड आणि कोन बदलायची सोय, वजन किलोच्या आत: एवढं जुळवा. तिकडून कोणी भाचा-पुतण्या येणार असेल तर कार्बन दांड्याचं, चार तुकड्यांत सुटणारं मागवा. तुकडे साठ-पासष्ट सेंमीचे होतात, मोठ्या बॅगेत बसतात. दोन तुकड्यांचं सव्वा मीटरचं लांबडं सामान त्याच्या गळ्यात मारू नका, तो पुन्हा काही आणणार नाही.

क्रम असा ठेवा: आज कोन शून्यावर, पट्टी गुंडाळणं आणि पातं उलटं नाही ना हे बघणं. पुढच्या आठवड्यात कडा कापून अर्ध्या तासाची फेरी. मग व्हिडिओ बघून लांबी ठरवणं. खरेदी त्याच्यानंतर. फेरी जमली की नाही हे ओळखायची एक साधी रीत संधिवाताच्या व्यायामात नेहमी वापरतात. फेरीनंतर दोन तास उलटूनही दुखणं आधीपेक्षा जास्तच राहिलं, तर पुढची फेरी आखूड करायची. तुमचे दोन दिवस म्हणजे फारच झालं. तासाची फेरी तूर्त विसरा.

आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून निघा. हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पण नवीन होडी आली की लोक घड्याळ बघून निघतात, पाणी बघून नाही. भरतीच्या शेवटच्या तासात वर जायचं आणि पाणी फिरलं की सोबत खाली यायचं, एवढ्याने जो अंगठा वाचतो तो कुठल्याच पॅडलने वाचणार नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त असते, त्या दिवसांत लांब जाऊ नका, आणि देवबागच्या संगमाकडे, जिथे कर्ली समुद्राला मिळते, ओहोटीत तर मुळीच नको. फेब्रुवारीनंतर दुपारी वारा सुटतो, त्याच्या आत घरी या.

मिस्टरांना तेच पॅडल नको. त्यांची उंची तुम्ही लिहिलेली नाही, पण दुखणं काही नसेल तर त्यांना आहे ते अ‍ॅल्युमिनियमचं चालू द्या, फक्त कोन शून्यावर. त्यांची पातीही कापू नका. उलट त्यांचं पॅडल जड राहिलं तर ते तुमच्यापुढे पळणार नाहीत, आणि दुसऱ्याला गाठायच्या नादात माणूस खांदा कसा वापरतो हे मी रोज बघतो.

शेवटचं, नवीन पॅडल आल्यावर. खाडीतून आलं की जोड सोडवून गोड्या पाण्याने धुवा आणि सुटाच ठेवा. खारं पाणी आणि वाळू आत वाळली की जोड अडकतो, आणि अडकलेला जोड एकट्याने पिळून सोडवणं म्हणजे तुमच्या अंगठ्यासाठी सगळ्यात वाईट हालचाल. अडकलाच तर समोरासमोर उभे राहा, दोघांनीही जोडाच्या दोन्ही बाजूंना एकेक हात ठेवा, बटण किंवा खटका मोकळा करून ठेवा आणि दोघांनी एकाच वेळी सरळ ओढा, न पिळता.